शुक्रावर राहायचं, तर तिथल्या हवेचं काय करायचं?

प्रश्न : ताई, कमाटीबागेतल्या तारांगणात ऐकलं की शुक्र आकाराने जवळजवळ पृथ्वीएवढा आहे आणि मंगळापेक्षा आपल्या जवळ येतो. मग वस्तीच्या गोष्टी मंगळाच्याच का? शुक्र थंड करून तिथे राहता नाही का येणार?
– अकरावी विज्ञान, दांडिया बाजार, बडोदे

उत्तर : शुक्राच्या जमिनीवर 465 अंश सेल्सिअस तापमान आहे. पण मला त्या उष्णतेपेक्षा तिथल्या हवेची धास्ती जास्त वाटते, कारण उष्णता तिच्यामुळेच कोंडली आहे. नंदेसरीला सल्फ्युरिक ॲसिडच्या प्लांटमध्ये मी लॅब सांभाळायचे. नवी कल्पना कुणीही आणो, आम्ही आधी मटेरियल बॅलन्स मांडायचो : आत काय आलं, बाहेर काय गेलं, उरलेलं कुठे ठेवणार?

तसाच शुक्राचा मांडू. दाब आपल्या सुमारे 92 पट, म्हणजे दर चौरस मीटरवर हजार टनांहून जास्त हवा, आणि ती जवळजवळ सगळी कार्बन डायऑक्साइड. 1961 साली अमेरिकी खगोलशास्त्रज्ञ कार्ल सेगन यांनी सुचवलं होतं की ढगांत शेवाळ सोडावं, ते या वायूतून ऑक्सिजन मोकळा करेल. तेव्हा हवा इतकी दाट असेल हे ठाऊक नव्हतं. व्हेनेरा-7 हे सोव्हिएत यान 1970 मध्ये शुक्रावर उतरलं तेव्हा ते स्पष्ट झालं. आता हिशेब कर : सगळा कार्बन सुटा केला तर ग्रहभर सव्वाशे मीटर जाडीचा थर साचेल आणि त्यावर पासष्ट पट दाबाचा ऑक्सिजन. एक ठिणगी पडली की सगळं जळून पुन्हा कार्बन डायऑक्साइड!

हायड्रोजन आणून त्या ऑक्सिजनचं पाणी करता येईल, कागदावर. समुद्र आठशे मीटर खोल होईल. पण त्यासाठी दर चौरस मीटरला नव्वदहून जास्त टन हायड्रोजन लागेल, आणि तो गुरू-शनीकडून ओढून आणावा लागेल. सूर्यासमोर मोठा पडदा धरायची योजनाही आहे. ऊन अडून ग्रह थंड झाला की त्या दाबाखाली 31 अंशांच्या खाली कार्बन डायऑक्साइड द्रव होतो, पुढे गोठतो. मला ही योजना मुळीच पटत नाही. माल जागेवरच राहतो. पडदा सरकला की पुन्हा उकळणार. पृथ्वीवर हाच कार्बन समुद्रांमुळे चुनखडीत बंद झाला. शुक्राचं पाणी मात्र उन्हाने फुटून गेलं, त्यातला हायड्रोजन अवकाशात निसटला.

म्हणून मी म्हणते, जमीन सोड, ढगांत राहू. 50 ते 55 किलोमीटर उंचीवर दाब जवळपास आपल्यासारखा आहे, आणि त्या पट्ट्याच्या वरच्या भागात तापमान बडोद्याच्या हिवाळ्यातल्या दुपारसारखं. शिवाय आपली श्वासाची हवा तिथल्या वायूपेक्षा हलकी, त्यामुळे तिनेच भरलेला फुगा तरंगतो. सोव्हिएत व्हेगा मोहिमेचे दोन फुगे 1985 मध्ये त्याच उंचीवर जवळपास दोन दिवस तरंगले आहेत.

ढग मात्र सल्फ्युरिक ॲसिडचे. त्याचा थेंब सुती ॲप्रनवर पडला की आधी काही दिसत नाही. धुतल्यावर टाचणीएवढं भोक हाताला लागतं. त्याच थेंबाखाली टेफ्लॉनचं गॅस्केट मात्र जसंच्या तसं. म्हणजे फुग्याचं आवरण त्याच जातीचं हवं. आणि हे ॲसिड वायाही जात नाही : तापवलं की पाणी आणि सल्फर ट्रायऑक्साइड वेगळे होतात. आम्ही जे बनवायचो, त्याच्या अगदी उलट! शुक्रावर प्यायचं पाणी मिळेल ते असंच.

इस्रोच्या शुक्र ऑर्बिटरला केंद्रीय मंत्रिमंडळाने सप्टेंबर 2024 मध्ये 1236 कोटी रुपये मंजूर केले. उड्डाण मार्च 2028 मध्ये करायचं ठरलं आहे. ते भोवती फिरून वातावरण तपासेल, वस्ती नाही करणार, पण मला त्याची फार उत्सुकता आहे.

वरचे आकडे तू स्वतः काढून बघ. पास्कलमधल्या दाबाला 8.87 ने, म्हणजे शुक्राच्या गुरुत्वत्वरणाने, भाग. 44 ग्रॅम वायूत 12 ग्रॅम कार्बन धर. उत्तर वेगळं आलं तर पायऱ्यांसकट लिहून पाठव.