ग्वाल्हेरहून नैनीताल-भीमताल : कुठल्या महिन्यात जावं?

ताई, तुम्ही विचारलंय की आई-बाबा सत्तरीपुढचे आहेत, मुलांना मेमध्ये सुट्टी आहे, तर चार दिवस नैनीतालला जावं का, आणि मे नको असेल तर मग कधी. मी ग्वाल्हेरच्या लष्कर भागात राहतो. मेहुणे बरीच वर्षं पंतनगरच्या कृषी विद्यापीठात नोकरीला होते, त्या निमित्ताने तळ्यांच्या त्या भागात जवळजवळ सगळ्या महिन्यांत जाऊन आलोय. मेमध्ये जाऊ नका, एवढं आधीच सांगून टाकतो.

आपल्याकडे पारा ४५ ला टेकला की नैनीताल आठवतं, तसं ते दिल्ली, बरेली, मुरादाबाद, लखनौ सगळ्यांनाच आठवतं. नेमकं तेव्हाच तळं सगळ्यात केविलवाणं दिसतं. पाणी उतरलेलं, काठाला चिखल उघडा पडलेला. चीडाच्या (पाइनच्या) जंगलात वाळक्या पानांचा, म्हणजे पिरूलचा थर साचतो आणि वणवे लागतात. २०२४ च्या एप्रिलमध्ये तर हवाई दलाची हेलिकॉप्टरं भीमतालमधून पाणी उचलून आगीवर टाकत होती. त्या धुरकट हवेत हिमशिखरं दिसतील ही आशाच सोडा. आणि १५ जूनच्या आगेमागे तर चुकूनही नको. त्या दिवशी भवालीजवळच्या कैंची धामचा, म्हणजे नीम करोली बाबांच्या आश्रमाचा, स्थापना दिवस असतो, तुफान गर्दी. एका वर्षी आम्ही १४ तारखेला भवालीच्या अलीकडे अडकलो. बाबांना मधुमेह, गाडी जागची हलेना, आणि उतरून जायला आडोसा नाही. म्हातारी माणसं बरोबर असली की सहलीचं गणित थंडीवर नाही, बाथरूमवर बसतं, हे मी त्या दिवशी शिकलो.

जुलै-ऑगस्टमध्ये हिरवाई वेड लावणारी असते, गर्दी ओसरलेली, खोल्याही स्वस्त. पण तुमच्या मंडळींना घेऊन नको. दरडींचा प्रश्न तिथे गंभीर आहे. नैनीतालच्या मल्लीताल भागात जे मोठं मैदान दिसतं, ज्याला ‘फ्लॅट्स’ म्हणतात, ते १८ सप्टेंबर १८८० च्या दरडीच्या मलब्याने वाढलेलं आहे. त्यात १५१ माणसं गेली आणि नैनादेवीचं देऊळही गाडलं गेलं. टिफिन टॉप या टेकडीवरची डोरोथी सीट, म्हणजे देखावा बघत बसायची दगडी जागा, ऑगस्ट २०२४ मध्ये कोसळली. पाऊस संपला म्हणूनही गाफील राहू नये. ऑक्टोबर २०२१ मध्ये दोन-तीन दिवसांच्या पावसात तळं रस्त्यावर आलं होतं, नैनीतालचे रस्ते बंद झाले होते.

सप्टेंबरचं मात्र सांगितल्याशिवाय राहवत नाही. भाद्रपद शुद्ध अष्टमीला तिथे नंदादेवीचा मेळा असतो. केळीच्या खांबांपासून नंदा आणि सुनंदा अशा दोन देव्या घडवतात, रंगवतात, दागिने घालतात, आणि शेवटी डोला (पालखी) निघतो आणि देव्या तळ्यात विसर्जित करतात. आपल्या महालक्ष्म्याही साधारण त्याच दोन-तीन दिवसांत बसतात! दोन बहिणी येतात, पाहुणचार घेतात, जातात. माझी आई ते मुखवटे बघून म्हणाली, “अगं बाई, या तर आपल्याच.” अडचण एकच. ज्यांच्या घरी महालक्ष्म्या आहेत त्यांनी घर सोडून जायचं कसं? आमच्याकडे त्या थोरल्या भावाकडे असतात म्हणून एकदा जमलं.

तुमच्यासाठी माझं मत नोव्हेंबर. भाऊबीज झाली की लगेचचा शनिवार-रविवार जाऊ द्या आणि मग निघा. मुलांची तीन-चार दिवस शाळा बुडेल, बुडू द्या. पावसाने तळी भरलेली असतात, हवा धुऊन निघालेली. नैनीतालच्या स्नो व्ह्यू या टेकडीवरून सकाळी त्रिशूल, नंदादेवी, नंदाकोट ओळीने दिसतात. तिथे रोपवे जातो, त्यामुळे चढण नाही. फक्त लवकर जा, दुपारपर्यंत ढग जमू शकतात.

डिसेंबर-जानेवारीची एक गंमत आहे. ग्वाल्हेरला धुक्यात सूर्य दिसत नाही, बरेली-हल्द्वानीला तीच गत, आणि वर भीमतालला लख्ख ऊन. त्या उन्हात बसून ‘नींबू सान’ खायचं: मोठं पहाडी लिंबू, दही, मुळा, गूळ आणि भांगेच्या बियांचं वाटण. (बियांना नशा नसते, बाबांना सांगा.) पण धुक्यामुळे रेल्वे तासन् तास रखडते, रात्री हाडं गोठतात. बर्फ पडेलच असंही नाही. तुम्ही दोघं नंतर कधी जा. मार्चमध्ये मुक्तेश्वर-रामगढकडे बुरांश (ऱ्होडोडेंड्रॉनचं झाड) लालभडक फुललेला असतो. पक्ष्यांची आवड असेल तर तेव्हा सातताल गाठा.

मुक्काम नैनीतालला करू नका, भीमतालला किंवा नौकुचियातालला करा. नैनीताल सुमारे १९४० मीटर उंचीवर, भीमताल १३७० च्या आसपास. एवढ्या फरकाने रात्रीची थंडी सोसवते. भीमतालचं तळं नैनीतालपेक्षा मोठं आहे, काठाने सपाट चालता येतं, शिवाय मॉल रोडचा गोंगाट नाही. नैनीताल तिथून २२ किलोमीटर, एक दिवस टॅक्सीने जाऊन या. आईंना नैनादेवीचं दर्शन घ्यायचं असेल तर काळजी नको, देऊळ पुन्हा बांधलंय ते तळ्याच्या काठालाच, पायऱ्यांचा डोंगर नाही.

जाताना ग्वाल्हेरहून दिल्ली, आणि जुन्या दिल्लीहून रात्रीची रानीखेत एक्सप्रेस, पहाटे काठगोदाम. पण दिल्लीत रात्री स्टेशन बदलायची दगदग आई-बाबांना नको असेल तर एक रात्र दिल्लीत काढा आणि सकाळच्या शताब्दीने जा, आम्ही हल्ली तेच करतो. काठगोदामहून भीमताल तासाभराचं, वळणं बरीच. आईंना गाडी लागत असेल तर निघण्याआधी अर्धा तास गोळी द्या आणि पुढच्या सीटवर बसवा. परतताना भवालीच्या बाजारातून माल्टे (संत्र्यासारखं पहाडी फळ) घ्या, पण नोव्हेंबरच्या सुरुवातीला ते आंबट असतात, चाखून मगच घ्या.