युद्धाच्या बातम्या बघून रोझरीत (मरियामातेच्या जपमाळेत) मन लागत नाही. घरी शांतीसाठी प्रार्थना नेमकी कशी करावी?

आधी टीव्ही बंद, मोबाइल दुसऱ्या खोलीत. बातम्या म्यूट करून केलेल्या प्रार्थनेत डोळे खालच्या पट्टीवरच राहतात.

रोझरीला साधारण २० मिनिटं लागतात. मंगळवार-शुक्रवारची दुःखाची रहस्यं, म्हणजे येशूच्या दुःखाचे मनन करायचे प्रसंग, या हेतूला चपखल बसतात. दर दशकाआधी (दहा मण्यांच्या गटाआधी) एकच हेतू मोठ्याने सांगा: अडकलेली मुलं, जखमी, निर्वासित, दोन्हीकडचे सैनिक, निर्णय घेणारे. नुसतं ‘जगात शांती नांदो’ म्हटलं की तिसऱ्या दशकापर्यंत जांभया येतात. शेवटी लितानीत, म्हणजे मरियेला एकेका नावाने केलेल्या विनवण्यांत, ‘शांतीच्या राणी’ येते तिथे जरा थांबा. ही विनवणी पोप बेनेडिक्ट पंधरावे यांनी १९१७ साली, ऐन महायुद्धात घातली.

लोक घसरतात ते चौथ्या हेतूवर. ‘आपल्या बाजूला जय दे’ ही वेगळी मागणी झाली. बायबलमधलं मत्तय ५:४४ वैऱ्यासाठीही प्रार्थना करायला सांगतं. जमत नसेल तर स्तोत्र ४६ वाचा, त्यात धनुष्य मोडणारा देवच आहे.

आशा म्हणजे उद्या युद्ध थांबेल हा अंदाज नव्हे, त्यामुळे आठवड्याभरात ‘फरक पडला नाही’ म्हणून सोडू नका. एकट्याने रेटवत नसेल तर बुधवारी मुंबईत माहीमच्या चर्चमधला नोव्हेना, म्हणजे मरियामातेची सामूहिक प्रार्थना, आहेच. गर्दी असते, लवकर निघा.