रछाओत पहिल्यांदा जाताना

आधी एक सांगतो, रछाओत, म्हणजे तैवानमधल्या परतलेल्या पदार्थांच्या खानावळीत, एकटा जाऊ नकोस. भडक आचेवर परतलेल्या छोट्या छोट्या डिश मागवून चौघापाचांत वाटून खाणं, हीच रछाओची खरी मजा. तैपेईत छांगआन पूर्व रस्त्यावर अशी दुकानं ओळीने आहेत. बिअरसाठी वेटरची वाट बघू नकोस. बऱ्याच ठिकाणी फ्रिज उघडून बाटली आपणच काढायची. रिकाम्या बाटल्या टेबलाजवळच राहू दे, बिल त्या मोजून होतं. 'अठरा दिवस' नावाची बिअर दिसली तर तीच घे. मुदतच १८ दिवसांची, त्यामुळे ताजी.

ग्लास बघून हसशील, जेमतेम दीडशे मिली. फसगत तिथेच होते! कोणी 'गानबेई' म्हणालं की ग्लास रिकामा करायचा, आणि टेबलावर आठ जण असले की हिशेब तूच कर. झेपत नसेल तर 'स्वेई-ई' म्हण, म्हणजे आपापल्या मर्जीने. मी हा शब्द फार उशिरा शिकलो.

खायला तीन-कप चिकन घे, त्यातल्या तुळशीच्या वासासाठी तरी. 'माशीचं डोकं' या नावाला घाबरू नकोस. तो पोर्कचा खिमा, लसणीच्या पातीसारखे दांडे आणि आंबवलेले काळे सोयाबीन. भाताबरोबर अप्रतिम.