एफडी मोडून ४८ हजारांचं व्हीआर पॅकेज घ्यावं का?

ताई, तुमचा प्रश्न थोडक्यात असा: मिस्टर नाशिकच्या सातपूर एमआयडीसीत कॉन्ट्रॅक्टवर, पगार ४५ हजार, ७ वर्षांच्या मुलाला सेरेब्रल पाल्सी (मेंदूतल्या इजेमुळे हालचालींवर ताबा कमी), उजवा हात कमी चालतो. थेरपी सेंटरवाले म्हणतात व्हीआरची (डोळ्यांवर हेडसेट लावून खेळायच्या आभासी खेळांची) ४० सेशन घ्या, ४८ हजार एकरकमी. मग त्यासाठी दीड लाखाची एफडी मोडायची आणि आत्ताची ऑक्युपेशनल थेरपी (रोजची कामं हाताने करायला शिकवणारी) बंद करायची का?

थेरपी बंद करायचा विचार आधी डोक्यातून काढा. व्हीआरचा फायदा एवढाच की खेळाच्या नादात पोरगं तीच हालचाल शंभरदा करतं, जी आपण सांगून दहादा करत नाही, पण ते नेहमीच्या थेरपीच्या जोडीला, तिच्या जागी नाही. हातासाठी जास्त भक्कम पुरावा आहे तो चांगला हात बांधून कमजोर हात वापरायला लावण्याचा आणि दोन्ही हातांनी कामं करून घेण्याचा, आणि त्याला हेडसेट लागत नाही.

आता पैशाचं. कॉन्ट्रॅक्टची नोकरी म्हणजे एफडी हीच तुमची ढाल, ती एकरकमीसाठी मोडू नका. १० सेशनचे १२ हजार भरते म्हणा, आणि सुरुवातीला व दहाव्या सेशननंतर 'बॉक्स अँड ब्लॉक' टेस्ट लिहून मागा (मधल्या फळीवरून एका मिनिटात किती ठोकळे पलीकडे टाकतो ते मोजतात). सोबत घरी बघा, शर्टाचं बटण लावताना उजवा हात कापड धरतो का. स्क्रीनवरचा स्कोअर वाढला म्हणून पैसे वसूल झाले असं नसतं हो. आकडी येत असेल तर न्यूरोलॉजिस्टला विचारल्याशिवाय सुरूच करू नका. घरी हेडसेट घ्यायचा विचारही नको, मेटा क्वेस्टवाली कंपनीच १० वर्षांखाली नको म्हणते.

"टॅक्समध्ये सूट मिळेल" हे सेंटरवाल्यांचं गाजर. ८०डीडीची, म्हणजे घरातल्या दिव्यांग माणसाच्या खर्चासाठीची ७५ हजारांची वजावट जुन्या टॅक्स पद्धतीतच मिळते, आणि नव्या पद्धतीत एवढ्या पगारावर टॅक्स तसाही शून्य, मग वाचणार काय? त्यापेक्षा सिव्हिलमधून दिव्यांग सर्टिफिकेट, यूडीआयडी कार्ड (दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र) नसेल तर काढा आणि केंद्र सरकारच्या नॅशनल ट्रस्टच्या निरामय आरोग्य विमा योजनेत नाव घाला, वर्षाला लाखापर्यंतचं कव्हर, थेरपीचा खर्चही ठरलेल्या मर्यादेपर्यंत त्यात येतो, फी अगदी किरकोळ. हे काम एफडीच्या आधी करा.

आणि सेंटर १० सेशनला तयार नसेल तर दुसरं बघा, कॉलेज रोडपासून इंदिरानगरपर्यंत चौकशी करायला काय जातंय.