फोल्डिंग कॅमेरा, कूलर आणि फंगस: तुमचे प्रश्न

दिवाळीची साफसफाई झाली की घराघरातून जुने फोल्डिंग कॅमेरे निघतात आणि तेच तेच प्रश्न येतात, म्हणून एकदाच सगळ्यांना उत्तरं देतो.

बाबांच्या कोडॅकमध्ये 620 लिहिलंय, 120 चा रोल चालेल का? (धरमपेठ)

620 आणि 120 हे फिल्म रोलचे प्रकार. फिल्मची रुंदी तीच आहे, 620 चं स्पूल (फिल्म गुंडाळायची रीळ) फक्त बारीक असतं. कोडॅकने 620 चा रोल 1995 मध्ये बंद केला, त्यामुळे 120 चा रोल पूर्ण अंधारात 620 च्या स्पूलवर गुंडाळून घ्यावा लागतो. आत जुनं रिकामं स्पूल असेल तर फेकू नका बाप्पा, तेच मिळत नाही. पहिला रोल जाणकाराजवळ बसूनच गुंडाळा.

मागची लाल खिडकी उघडी राहिली तर चालते का?

नाही. नंबर बघा आणि लगेच झाका, आजची फिल्म लाल उजेडानेही खराब होते.

शटर 1 सेकंदावर अडकतं. काका म्हणतात शिलाई मशीनचं तेल टाक. (मानेवाडा)

टाकू नका! शटरची पाती कोरडीच चालतात, तेल पसरलं की एकमेकांना चिकटतात. मेकॅनिककडे न्या.

सासऱ्यांचा आग्फा आयसोलेट कॅमेरा लेदर केससकट आलमारीत होता, लेन्समध्ये कोळ्याचं जाळं दिसतं. नागपूरच्या कोरड्या हवेत फंगस होत नाही म्हणतात ना? (सक्करदरा)

ताई, हे "म्हणतात" ऐकूनच लोकांचे कॅमेरे गेलेत. बाहेर मे महिन्यात 45 डिग्री आणि कोरडं असेलही, पण घरात काय असतं? मार्चपासून कूलर लावतो, खिडक्या बंद, खस ओली, पांघरूण सुद्धा दमट लागतं, आणि आलमारी नेमकी त्याच खोलीत. तो संपत नाही तोच पावसाळा. आर्द्रता 60-65 टक्क्यांच्या वर राहिली की फंगसला अजून काय पाहिजे, आणि वरून ती लेदर केस, जी ओल धरून ठेवते, म्हणजे आपण प्रेमाने बंद करून ठेवलेला कॅमेरा आतल्या आत सडतो. फंगस नुसतं काचेवर बसत नाही, त्यातून निघणारं आम्ल आधी कोटिंग आणि मग काच खातं, तिथे पडलेला डाग कोणी कितीही पुसला तरी जात नाही. "उन्हात ठेवा, मरेल" हा सल्ला पण बंद करा, मेलं तरी डाग राहतो आणि उन्हाने भाता (लेन्समागचा घड्यांचा पडदा) कडक होतो. आता केस वेगळी काढा, कॅमेरा हवाबंद डब्यात सिलिका जेलसोबत ठेवा, आतली आर्द्रता 40-50 टक्के राहू द्या, आणि लेन्स याच महिन्यात साफ करायला द्या. पुढच्या उन्हाळ्यापर्यंत थांबू नका! स्वतः स्क्रू उघडू नका.

ऑनलाइन "रेअर जर्मन, फुल्ली वर्किंग" आयसोलेट 14 हजारात मिळतोय, घेऊ का? (सदर)

रेअर वगैरे काही नाही, हा कॅमेरा भरपूर बनला. विकणाऱ्याला अंधारात भात्याच्या आत टॉर्च लावून चारही कोपऱ्यांचा व्हिडिओ मागा, आग्फाच्या भात्याला घडीच्या टोकांवर बारीक भोकं पडतातच. समोरची फोकसची रिंग फिरते का तेही दाखवायला सांगा, जुनं हिरवं ग्रीस दगडासारखं घट्ट होतं आणि लोक पकडीने फिरवून लेन्सची वाट लावतात. तो टाळाटाळ करत असेल तर सोडा, आणि व्हिडिओ आला तरी आधी मेकॅनिकला दाखवा, पैसे नंतर.