घास पिल्लाच्या तोंडाएवढाच

ॲक्सोलॉटल म्हणजे जन्मभर पाण्यात राहणारा, डोक्यामागे पिसांसारखे कल्ले असलेला उभयचर प्राणी. त्याच्या पिल्लांबद्दल या वेळी बरीच पत्रं आली. बहुतेकांची तक्रार एकच, ‘खात नाही’. त्यांतली निवडक पत्रं इथे थोडक्यात दिली आहेत. उत्तरांत लांबीचे आकडे येतील ते नाकाच्या टोकापासून शेपटीच्या टोकापर्यंतचे. वयाचे आकडे मुद्दाम टाळले आहेत. एकाच दिवशी अंड्यांतून बाहेर आलेल्या पिल्लांत दोन महिन्यांनी एक दुसऱ्याच्या दुप्पट झालेलं असतं, तेव्हा वयावरून आहार ठरवला की चुकतो.

मित्राकडून अंडी आणली होती, त्यांतून नऊ पिल्लं बाहेर आली. आज दुसरा दिवस. उकडलेल्या अंड्याचा बलक आणि माशांच्या पिल्लांना घालतात ती खाद्याची पावडर, दोन्ही घालून पाहिलं. तोंडही लावत नाहीत. — पुणे

अजून काही बिघडलेलं नाही. जन्मतः पिल्लू साधारण एक सेंटिमीटरचं असतं आणि पोटात बलकाचा साठा घेऊन येतं. दोन ते तीन दिवस त्याला बाहेरचं अन्न लागत नाही. बलक आणि पावडर मात्र आजच काढा आणि पाणी बदला. एवढ्याशा पिल्लाला न हलणारी वस्तू अन्न म्हणून कळतच नाही, आणि ती वस्तू डब्यात कुजून अमोनिया वाढवते. ‘खाईल कधीतरी’ म्हणून पावडर ठेवून दिली की पिल्लं उपासमारीच्या आधी घाण पाण्यानेच मरतात.

तिसऱ्या दिवसापासून त्यांना जिवंत, हलणारं आणि तोंडात मावणारं अन्न हवं. यात सर्वांत भरवशाचं म्हणजे घरी उबवलेले आर्टेमिया, म्हणजेच बेबी ब्राइन श्रिम्प, खाऱ्या पाण्यातल्या कोळंबीसारख्या जीवाची ठिपक्याएवढी पिल्लं. एक लिटरची प्लास्टिकची बाटली घ्या, बूड कापा आणि झाकण लावून उलटी टांगा. त्यात एक लिटर पाणी, २५ ग्रॅम मीठ (साधं खडेमीठ चालतं), चिमूटभर खायचा सोडा आणि अर्धा चमचा आर्टेमियाची अंडी घाला. एअर पंपाची नळी थेट तळापर्यंत सोडा. बुडबुडे एवढ्या जोराचे हवेत की अंडी तळाला बसता कामा नयेत. वर दिवा ठेवा. २६ ते २८ अंश तापमानात २४ तासांत ती फुटतात. थंडीत खोली २० अंशांवर आली तर दीड-दोन दिवस लागतात. गंमत अशी की आपल्या हवेत आर्टेमिया आपोआप उबतात, ॲक्सोलॉटलचं पाणी मात्र थंड राखायला घाम गाळावा लागतो.

काढताना घाई करू नका. पंप बंद करून दहा मिनिटं थांबा. टरफलं वर तरंगतात, न फुटलेली अंडी तळाशी बसतात आणि जिवंत केशरी ठिपके उजेडाकडे गोळा होतात. बाटलीला बाहेरून एका बाजूने टॉर्च लावा आणि तिथला थवा नळीने किंवा सिरिंजने ओढून घ्या. टरफलं सोबत येऊ देऊ नका, ती पिल्लाच्या पोटात अडकतात. घट्ट विणीच्या फडक्यातून गाळून गोड्या पाण्याने धुवा, नाहीतर रोजचं थोडं थोडं मीठ पिल्लांच्या डब्यात साचत जातं.

सकाळ-संध्याकाळ असं दोनदा घाला. पाणी चार-पाच सेंटिमीटरच ठेवा. खोल पाण्यात आर्टेमिया विखुरतात आणि पिल्लाला शोधून खाता येत नाही. अर्ध्या तासाने भिंग घेऊन बघा. पोट केशरी दिसलं म्हणजे खाल्लं. गोड्या पाण्यात आर्टेमिया काही तासांतच मरतात, म्हणून दोन तासांनी उरलेले ड्रॉपरने काढा आणि रोज निम्मं तरी पाणी बदला. नवं पाणी क्लोरीन काढलेलं आणि त्याच तापमानाचं हवं. बाटलीतला थवा त्याच दिवशी वापरा. फुटल्यानंतर आर्टेमिया अंगातला साठा जाळत जातात आणि दुसऱ्या दिवशी त्यांत कस उरत नाही. म्हणून दोन बाटल्या करा आणि एक दिवसाआड नव्हे, रोज एक लावा.

दुकानदार ‘टरफल काढलेली अंडी’ किंवा गोठवलेले आर्टेमिया देऊ करेल. दोन्ही चांगल्या वस्तू आहेत, पण हलत नाहीत. या वयात त्यांचा उपयोग शून्य. डॅफ्निया (पाण्यातले पिसवेएवढे जीव) मिळाले तर उत्तम, कारण ते गोड्या पाण्यात जिवंत राहतात आणि डबा घाण होत नाही. फक्त मोठे गाळून वेगळे करा. डबक्यातून पकडून आणलेले नकोत, त्यांच्यासोबत चतुराच्या अळ्या येतात आणि त्या पिल्लंच खातात.

माझी पिल्लं आता दोन सेंटिमीटरची आहेत, पुढचे पाय फुटलेत. काल एकाचा पंजा गायब! रोग आहे का? — ठाणे

रोग नाही, शेजारी आहे. पुढचे पाय फुटल्यावर पिल्लं जवळ हलेल त्याला तोंड मारतात, मग तो भावाचा पाय का असेना. खाणं कमी पडलं की हे वाढतं, पण पोटभर घातलं तरी पुरतं थांबत नाही. आइस्क्रीमचे एक-एक लिटरचे रिकामे डबे धुऊन घ्या आणि प्रत्येकाला वेगळा द्या. तेवढे डबे सांभाळणं शक्य नसेल तर निदान आकारावरून गट करा. मोठं आणि छोटं एकत्र ठेवू नका. पंजा काही आठवड्यांत परत येईल. जखमेवर औषध लावू नका, फक्त पाणी स्वच्छ ठेवा.

याच सुमारास खाणंही बदलायला लागा. दोन-अडीच सेंटिमीटरनंतर मागचे पाय येतात आणि पिल्लू न हलणारा घासही वासावरून ओळखू लागतं. आर्टेमिया चालू ठेवूनच रोज एक बारीक चिरलेला ब्लडवर्म (डासासारख्या माशीची लाल अळी) चिमट्याने नाकासमोर हलवा. पहिले तीन-चार दिवस थुंकेल, मग घेईल. आर्टेमिया एकदम बंद करणं ही इथली नेहमीची चूक.

गांडूळ हे सर्वांत चांगलं अन्न असं वाचलं. गांडूळखत करणाऱ्याकडून पाव किलो आणली. पिल्लू (सहा सेंटिमीटर) तोंडात घेतं आणि लगेच थुंकतं. — सातारा

वाचलंत ते खरं आहे, पण गांडूळ कोणतं यावर सगळं आहे. खताच्या खड्ड्यात सहसा दोन जाती असतात. एक लाल, अंगावर पिवळट पट्टे असलेली, आयसेनिया फेटिडा. डिवचलं किंवा कापलं की ती पिवळा, उग्र वासाचा चीक सोडते. तुमचं पिल्लू तोच थुंकतंय. दुसरी आफ्रिकन जात, युड्रिलस: अंगाने जाड, जांभळट तपकिरी, वर निळसर चमक. ही पिल्लं आनंदाने खातात. खतवाल्याला जातीचं नाव विचारा. त्याला सांगता आलं नाही तर एक गांडूळ पांढऱ्या ताटलीत कापून बघा, पिवळा चीक आला तर परत करा. लालच पदरात पडली असतील तर उकळत्या पाण्यात दहा-पंधरा सेकंद बुडवून, गार करून, चिरून घाला. चीक बराचसा जातो. पण हालचालही जाते, त्यामुळे चिमट्याने हलवावं लागतं.

आणल्यावर एक दिवस ओल्या नारळाच्या भुश्यात ठेवा म्हणजे पोटातली माती निघून जाईल. मग क्लोरीन नसलेल्या पाण्यात धुवा. घासाचं माप एकच: पिल्लाच्या दोन डोळ्यांमधल्या अंतरापेक्षा तुकडा जाड नको. ॲक्सोलॉटल चावत नाही. तोंड उघडून पाण्यासकट घास आत ओढतो. त्याचे दात धरण्यापुरतेच असतात. मोठा तुकडा अर्धा आत, अर्धा बाहेर राहतो आणि थोड्या वेळाने ओकला जातो. सहा सेंटिमीटरला तीन-चार मिलिमीटर लांबीचे तुकडे बरोबर. कापलेले तुकडे काही मिनिटं वळवळतात, तेवढ्यात द्या. त्याहून सोयीचं म्हणजे एका कुंडीत ही गांडुळं वाढवायची आणि दोऱ्यासारखी बारीक पिल्लं निवडून अख्खी घालायची. सुरी लागत नाही, पाणीही कमी घाण होतं.

पावसात अंगणात वर आलेली किंवा शेताच्या बांधावरची गांडुळं मात्र नकोत. जिथे फवारणी झालेली असू शकते तिथलं काहीही घालू नका. ॲक्सोलॉटलची कातडी आणि कल्ले औषधाचा अंशही शोषून घेतात. दुकानात मिळणाऱ्या ट्यूबिफेक्सबद्दलही (दोऱ्यासारखे लाल किडे) आमचं मत वाईटच आहे. ते गटाराच्या गाळात वाढतात, आणि कितीही धुतले तरी सोबत काय येईल ते सांगता येत नाही.

आमच्या मुलीचं ॲक्सोलॉटल आठ सेंटिमीटरचं आहे. फक्त गोठवलेले ब्लडवर्म खातं, ते पुरेसं आहे का? इथे नाइटक्रॉलर मासे धरायच्या सामानाच्या दुकानात मिळतात. — ऑस्टिन, टेक्सस

आज पुरेसं, पण फार दिवस नाही. ब्लडवर्ममध्ये पाणीच जास्त. वाढत्या अंगाला त्यावर ठेवलं की डोकं मोठं आणि अंग बारीक दिसू लागतं. तुमच्याकडे चांगली गांडुळं मिळतात हे नशीब समजा. युरोपियन नाइटक्रॉलर घ्या, कॅनेडियन फार जाड असतात. गळासाठी हिरवी रंगवलेली मिळतात ती घेऊ नका. सवय लावायची तर संध्याकाळच्या ब्लडवर्मआधी, भुकेलं असताना, गांडुळाचा एक तुकडा द्यायचा. नाकारला तर पाच मिनिटांनी ब्लडवर्म. दोन आठवड्यांत बहुतेक पिल्लं वळतात.

ब्लडवर्मचा क्यूब कपभर पाण्यात विरघळवून, लाल पाणी ओतून टाकून मगच घाला, नाहीतर ते पाणी टाकी नासवतं. उरलेला पुन्हा गोठवू नका. सुकवलेले ब्लडवर्म टाळा: ते तरंगतात, आणि त्यांच्या भुकटीने काही माणसांना शिंका, खाज, दमाही होतो. मुलगी घालत असेल तर हे लक्षात ठेवा.

सात सेंटिमीटरचं पिल्लू चार दिवस काहीच खात नाही. कल्ले पुढे वळलेत. पाणी २७ अंश. भूक वाढवायला कोणतं खाद्य द्यावं? — नागपूर

कोणतंच नाही. उत्तर तुमच्याच पत्रात आहे: २७ अंश. हा प्राणी मेक्सिको सिटीजवळच्या सोचिमिल्कोच्या कालव्यांतला, समुद्रसपाटीपासून सव्वादोन हजार मीटर उंचीवरचा. त्याला १६ ते १८ अंश मानवतात, २० पर्यंत ठीक. २४ च्या वर तो आजारी पडायच्या वाटेवर असतो. गरम पाण्यात प्राणवायू कमी विरघळतो, शरीराची गरज मात्र वाढते, आणि उरलेला घास झपाट्याने कुजतो.

आधी अमोनिया तपासा. शून्याखेरीज काहीही आलं तर निम्मं पाणी लगेच बदला. मग पाणी हळूहळू गार करा. गोठवलेली पाण्याची बाटली टाकीत ठेवा, पण तासाला एक अंशापेक्षा जास्त उतरवू नका. विदर्भाच्या कोरड्या हवेत पाण्यावर पंखा मारल्याने दोन-तीन अंश उतरतात. कोकणात दमट हवेमुळे तोही आधार नाही. पण हे सगळे तात्पुरते उपाय. मे महिना काढायचा तर चिलरच (टाकीचं पाणी गार करणारं यंत्र) लागतो, आणि त्याचा खर्च झेपणार नसेल तर हा प्राणी आपल्याकडे पाळू नये असं आम्हाला वाटतं.

कल्ले पुढे वळणं हे त्रासाचं लक्षण आहे. फिल्टरचा झोत जोराचा असला तरी असं होतं, म्हणून स्पंज फिल्टर बरा. तळाला रंगीत खडे असतील तर आजच काढा, कारण घासासोबत खडाही आत ओढला जातो आणि आतडं बंद होतं. पाणी २० च्या खाली येऊन दोन दिवस झाले तरी खात नसेल, पोट फुगलं असेल किंवा पिल्लू उलटं तरंगत असेल तर उभयचर प्राणी तपासणारा पशुवैद्य गाठा. मोठ्या ॲक्सोलॉटलला बद्धकोष्ठात फ्रिजमध्ये ठेवतात असं इंटरनेटवर वाचाल. एवढ्या पिल्लावर तो प्रयोग स्वतः करू नका.

दिवसातून किती वेळा घालायचं? पेलेट चालतील का? — नाशिक

पाच सेंटिमीटरपर्यंत दोनदा, दहापर्यंत एकदा किंवा दोनदा, पंधरापर्यंत रोज एकदा. पुढे एक दिवसाआड, आणि पूर्ण वाढ झाल्यावर आठवड्यातून दोन-तीनदा. किती, ते वरून बघून ठरवा: पोट डोक्याएवढं रुंद असावं. डोक्यापेक्षा बारीक असेल तर वाढवा, रुंद असेल तर एक वेळ गाळा. अर्ध्या तासात न खाल्लेलं बाहेर काढा. रात्रभर राहिलेल्या घासावर बुरशी धरते आणि तीच पुढे कल्ल्यांवर कापसासारखी दिसते.

पेलेट, म्हणजे कोरड्या खाद्याच्या गोळ्या, पाच-सहा सेंटिमीटरनंतर चालतात. मांसाहारी माशांचे, बुडणारे, ४० टक्क्यांहून जास्त प्रथिनं असलेले घ्या. कडक असतील तर दोन-तीन मिनिटं भिजवा आणि एकेक घाला. गांडूळ मिळेना तेव्हाची सोय म्हणून ठीक. चार दिवस गावाला जायचं असेल तर शेजाऱ्याला मोजून पुड्या करून द्या, डबा देऊ नका.

चिकनचे बारीक तुकडे, पनीर किंवा गप्पी मासे दिले तर? — कोल्हापूर

पनीर नाहीच. चिकन-मटणाची चरबी या प्राण्याला पचत नाही. गप्पी रोग आणि कृमी घेऊन येतात, आणि खाल्ले जाण्याआधी पिल्लाचे कल्ले कुरतडतात. गोल्डफिशमध्ये तर बी-१ जीवनसत्त्व नष्ट करणारं द्रव्य असतं. डासांच्या अळ्या चालतात, पण मोजून घाला. उरलेल्या अळ्यांचे चार दिवसांत घरातच डास होतील.