रिलीफ पिचर होऊ पाहणाऱ्या मुलाच्या आईस

प्रश्न : आम्ही मूळचे पुण्याचे असून बरीच वर्षे न्यू जर्सीत, एडिसनला राहतो. आमचा मुलगा सतरा वर्षांचा आहे आणि हायस्कूलच्या अकरावीत शिकतो. शाळेच्या बेसबॉल संघात तो पिचर, म्हणजे चेंडू टाकणारा खेळाडू आहे. पूर्वी सामन्याची सुरुवात तोच करत असे. या हंगामात मात्र प्रशिक्षक त्याला शेवटच्या दोन इनिंग्जसाठी राखून ठेवतात. एका विद्यापीठाच्या प्रशिक्षकांनीही त्याला रिलीफ पिचर, म्हणजे सामना चालू असताना दुसऱ्या पिचरच्या जागी येणारा पिचर म्हणूनच घेण्याची इच्छा दाखवली आहे. तो खूश आहे आणि हेच करिअर करायचे म्हणतो. त्याच्या बाबांना हे राखीव खेळाडूचे काम वाटते. त्याचे गणित उत्तम आहे आणि इंजिनिअरिंगला प्रवेश मिळण्यासारखा आहे. त्याला पाठिंबा द्यावा की थांबवावे?
– एक आई, एडिसन

उत्तर :

सप्रेम नमस्कार.

आपल्या पत्रात दोन प्रश्न एकमेकांत मिसळले आहेत. रिलीफ पिचरचे काम दुय्यम आहे का, हा एक. आणि त्या कामाच्या भरवशावर आयुष्याची आखणी करावी का, हा दुसरा. पहिल्याचे उत्तर मी निःसंकोचपणे देऊ शकतो, म्हणून आधी तेच देतो.

आपल्या यजमानांची शंका क्रिकेटवर वाढलेल्या माणसाला येणे अगदी स्वाभाविक आहे. क्रिकेटमध्ये कर्णधार गोलंदाजाला बाजूला करून पुन्हा हाती चेंडू देऊ शकतो. बेसबॉलमध्ये बदललेला खेळाडू त्या सामन्यात परत येत नाही. त्यामुळे नऊ इनिंग्जचा व्यावसायिक सामना तीन-चार पिचरांमध्ये वाटून घ्यावाच लागतो, आणि एका हंगामात असे १६२ सामने असतात. अलीकडच्या काळात सुरुवात करणारे पिचर सरासरीने पाच इनिंग्जच्या थोडे पुढे जातात. कारण तोच पिचर तिसऱ्यांदा समोर आला की बॅटर त्याला ओळखू लागतात, हे आकडेवारीने वारंवार दाखवून दिले आहे. उरलेल्या इनिंग्ज रिलीव्हर, म्हणजेच रिलीफ पिचर टाकतात. मेजर लीग या बेसबॉलच्या सर्वोच्च व्यावसायिक लीगमधल्या २६ जणांच्या संघात जास्तीत जास्त १३ पिचर ठेवता येतात आणि त्यांतले साधारण आठ जण बुलपेनमध्ये, म्हणजे मैदानाच्या कडेला पिचर जिथे हात गरम करतात त्या जागी, बसलेले असतात. संघाची आघाडी टिकवण्याचे काम त्यांच्याकडे असते. यात राखीवपणा कुठेच नाही.

तरीही एक गोष्ट आपल्या यजमानांच्या बाजूने सांगितली पाहिजे. जवळजवळ कोणताही मोठा रिलीव्हर लहानपणापासून रिलीव्हर नव्हता. पोर्टो रिकोचा एडविन डियाझ २०१२ मध्ये सिअ‍ॅटल मरीनर्सने निवडला तो सुरुवात करणारा पिचर म्हणून. २०१६ च्या हंगामात मेजर लीगच्या दोन पायऱ्या खालच्या डबल-ए पातळीवर खेळत असताना त्याला बुलपेनमध्ये हलवण्यात आले आणि त्याच वर्षी जूनमध्ये तो मेजर लीगमध्ये पोहोचला. पुढे नोव्हेंबर २०२२ मध्ये न्यूयॉर्क मेट्सने त्याच्याशी पाच वर्षांसाठी १०.२ कोटी डॉलरांचा करार केला. रिलीव्हरशी दहा कोटींच्या वरचा तो पहिलाच करार होता. ट्रेव्हर हॉफमन हा नामवंत रिलीव्हर तर आधी शॉर्टस्टॉप, म्हणजे क्षेत्ररक्षक होता. पनामातील मच्छीमार कुटुंबातला मारियानो रिव्हेरा १९९५ मध्ये न्यूयॉर्क यांकीजकडून खेळायला आला तेव्हा सामन्यांची सुरुवात करत होता. निवृत्त होताना त्याच्या नावावर ६५२ सेव्ह (आघाडी टिकवून संपवलेले सामने) होते आणि २०१९ मध्ये हॉल ऑफ फेमसाठी एकही मत विरुद्ध न जाता निवडला गेलेला तो पहिला खेळाडू ठरला. या सर्वांकडे बुलपेनमध्ये जाण्यापूर्वी खेळाची रुंद बैठक होती. आपल्या मुलाला सतराव्या वर्षीच एका इनिंगपुरता घडवला, तर ती बैठक तयार होणार नाही, ही माझी खरी काळजी आहे. जोरदार फास्टबॉल आणि एक वळणारा चेंडू एवढ्यावर हायस्कूलची शेवटची इनिंग निघून जाते; तिसरा चेंडू शिकण्याची गरजच पडत नाही. शिवाय २०२० पासून मेजर लीगमध्ये असा नियम आहे की, मैदानात आलेल्या पिचरने किमान तीन बॅटरांना तरी सामोरे जावे किंवा ती इनिंग संपवावी. एका डावखुऱ्या बॅटरपुरता आणायचा आणि काढून घ्यायचा, हा रिलीव्हरचा जुना प्रकार त्यामुळे संपला. दोन्ही हातांच्या बॅटरांविरुद्ध चालेल असा चेंज-अप (फास्टबॉलसारखा भासणारा पण हळू येणारा चेंडू) त्याने आत्ताच, सराव सामन्यांत मार खाण्याची तयारी ठेवून, शिकायला घ्यावा.

आता प्रत्यक्ष काम कसे असते ते पाहू, कारण मुलांना ते दूरचित्रवाणीवर दिसते तेवढेच ठाऊक असते. सातव्या इनिंगमध्ये दोन रनर बेसवर आहेत आणि आपल्या संघाची आघाडी एका धावेची आहे. बुलपेनमधला फोन वाजतो. रिलीव्हर उठतो, कॅचरला पंधरा-वीस चेंडू जोर वाढवत टाकतो आणि अंगाला घाम फुटतो. तेवढ्यात मैदानावरचा पिचर डबल प्ले, म्हणजे एकाच चेंडूवर दोघे बाद, मिळवतो, इनिंग संपते आणि फोनवरून निरोप येतो की, बसा. आठव्या इनिंगमध्ये पुन्हा तेच. त्या रात्री हा रिलीव्हर मैदानावर उतरलाच नाही, म्हणून नोंदवहीत त्याच्या नावापुढे काहीही लागत नाही. पण त्याच्या कोपराने मात्र चाळीस चेंडू टाकलेले असतात. दुसऱ्या दिवशी तो ताजा आहे असे गृहीत धरले जाऊ नये, यासाठी आपल्या हाताचा हिशेब स्वतः ठेवावा लागतो आणि थकलो असल्यास तसे प्रशिक्षकाला तोंडाने सांगण्याचे धैर्य लागते. शाळकरी मुलांत ते धैर्य सहसा नसते.

म्हणून कोपराविषयी थोडे सविस्तर लिहितो. कोपराच्या आतल्या बाजूचा अस्थिबंध प्रत्येक जोरदार चेंडूबरोबर ताणला जातो. तो तुटला की शरीरातलाच दुसरा स्नायुबंध घेऊन तिथे बसवतात. १९७४ मध्ये डॉ. फ्रँक जोब यांनी टॉमी जॉन या पिचरवर ही शस्त्रक्रिया प्रथम केली आणि ती त्याच्याच नावाने ओळखली जाते. त्यानंतर खेळायला परतण्यास साधारणपणे बारा ते अठरा महिने लागतात. डिसेंबर २०२४ मध्ये मेजर लीगने पिचरांच्या दुखापतींवर एक विस्तृत अहवाल प्रसिद्ध केला. चेंडूचा वेग आणि फिरकी वाढवण्याची हाव आणि प्रत्येक चेंडूला पूर्ण जोर लावण्याची सवय ही कारणे त्यात पुढे आली, आणि ही सवय शालेय वयापर्यंत उतरल्याचेही त्यात नोंदवले आहे. रिलीव्हरचे काम हेच असते : थोडे चेंडू, पण सगळे पूर्ण जोराने. मेजर लीग आणि यूएसए बेसबॉल यांच्या ‘पिच स्मार्ट’ मार्गदर्शक तत्त्वांनुसार सतरा-अठरा वर्षांच्या मुलाने एका दिवसात १०५ पेक्षा जास्त चेंडू टाकू नयेत, ३० पेक्षा जास्त टाकल्यास किमान एक दिवस विश्रांती घ्यावी, आणि वर्षातून निदान चार महिने स्पर्धात्मक पिचिंग बंद ठेवावे. वसंतात शाळा, उन्हाळ्यात ट्रॅव्हल संघ आणि शरद ऋतूत निवड शिबिरे असा वर्षभराचा रहाटगाडगे चालू असेल, तर ते आपण पालक म्हणून थांबवायलाच हवे. इथे मुलाची नाराजी पत्करावी, असे माझे ठाम मत आहे.

दुसऱ्या प्रश्नाकडे येतो. मेजर लीगचे ३० संघ आणि प्रत्येकी आठ रिलीव्हर धरले, तर एका वेळी सुमारे २४० जागा होतात. दर जुलैमध्ये होणाऱ्या ड्राफ्टच्या, म्हणजे संघांनी पाळीपाळीने नवे खेळाडू निवडण्याच्या, वीस फेऱ्यांत सहाशेहून अधिक खेळाडू निवडले जातात. त्यांत पिचरांचा वाटा मोठा असतो आणि लॅटिन अमेरिकेतून थेट करार होऊन येणारी मुले याशिवाय असतात. निवड झाल्यावर सिंगल-ए, हाय-ए, डबल-ए आणि ट्रिपल-ए अशा पायऱ्या चढायच्या असतात. या मायनर लीगमधील खेळाडूंचा पहिला सामूहिक करार २०२३ मध्ये झाला तेव्हा सिंगल-एचे किमान वार्षिक वेतन २६,२०० डॉलर आणि ट्रिपल-एचे ३५,८०० डॉलर ठरले. न्यू जर्सीत या पैशांत किती भागते, हे आपल्याला सांगायला नको. उलट मेजर लीगचे किमान वेतन २०२६ च्या हंगामासाठी ७,८०,००० डॉलर आहे. पण ते संघात असलेल्या दिवसांच्या प्रमाणात मिळते, म्हणजे दिवसाला चार हजारांच्या थोडे वर.

ही दिवसांची गोष्ट रिलीव्हरच्या बाबतीत फार महत्त्वाची आहे. समजा, मंगळवारी रात्री एका तरुण रिलीव्हरने पस्तीस चेंडू टाकून सामना वाचवला. बुधवारी आणि गुरुवारी त्याचा हात वापरता येणार नाही, म्हणून संघ त्याला बुधवारी सकाळी ट्रिपल-एमध्ये पाठवतो आणि तिथून ताज्या हाताचा दुसरा पिचर बोलावतो. मेजर लीगच्या संघातले कोणी जखमी झाल्याशिवाय पंधरा दिवस त्याला परत आणता येत नाही. एका हंगामात असे पाच वेळा खाली पाठवण्याची मुभा संघाला आहे. चांगली कामगिरी करूनही त्याचे दिवस बुडतात, आणि दिवस बुडले की पुढचे हक्कही लांबतात : १७२ दिवस भरले की एक वर्षाची सेवा, साधारण तीन वर्षांनंतर लवादामार्फत वेतन ठरवून घेण्याचा अधिकार, आणि सहा वर्षांनंतर कोणत्याही संघाशी करार करण्याची मोकळीक. निवृत्तिवेतनाचा हक्क मात्र ४३ दिवसांच्या सेवेनंतरच सुरू होतो, हे न्यायाचे आहे. डियाझच्या कराराची बातमी सगळ्यांनी वाचलेली असते. ट्रिपल-ए आणि मेजर लीग यांच्यामध्ये बॅग घेऊन ये-जा करणाऱ्या पिचरांची बातमी होत नाही, आणि संख्येने तेच जास्त असतात.

भारताशी असलेला एक दुवाही सांगतो. २००८ मध्ये भारतात झालेल्या एका स्पर्धेतून उत्तर प्रदेशातील रिंकू सिंग आणि दिनेश पटेल हे दोन भालाफेकपटू निवडले गेले आणि पिट्सबर्ग पायरेट्सने त्यांच्याशी करार केला. (हा रिंकू सिंग म्हणजे क्रिकेटपटू नव्हे.) दिनेशला २०१० मध्ये मुक्त करण्यात आले. डावखुऱ्या रिंकूने मुख्यतः रिलीव्हर म्हणून चिकाटीने मजल मारत सिंगल-ए गाठले, पण पुढे कोपराच्या शस्त्रक्रियेने त्याची वाट अडवली. ज्या खेळाचे नियमही त्यांना आधी ठाऊक नव्हते त्यात ते इतके पुढे गेले, याचा मला मनापासून आदर वाटतो. आपला मुलगा या खेळातच वाढला आहे, हा त्याचा मोठा फायदा. कोपराचा धोका मात्र त्यालाही तेवढाच आहे.

तेव्हा माझा सल्ला असा की, त्याला थांबवू नका आणि हायस्कूलमधून थेट व्यावसायिक करारही करू देऊ नका. अमेरिकेत विद्यापीठातून खेळत पदवी घेता येते, हे आपल्या परिस्थितीतले सर्वांत मोठे सुदैव आहे. चार वर्षांच्या विद्यापीठात गेलेला खेळाडू तिसरे वर्ष संपल्यावर किंवा वयाची एकवीस वर्षे झाल्यावर पुन्हा ड्राफ्टसाठी पात्र होतो. तोपर्यंत त्याचे शरीर भरलेले असेल, तीन वर्षांचे शिक्षण झालेले असेल, आणि आपला मुलगा कितपत आहे हे आपल्याला इतरांच्या स्तुतीवरून नव्हे, तर प्रत्यक्ष कामगिरीवरून कळेल. तेव्हा निवड झालीच, तर उरलेल्या शिक्षणाचा खर्च क्लबने देण्याची तरतूद करारात लिहून घेता येते. ती सही करण्यापूर्वीच मागावी लागते.

विद्यापीठ निवडताना डिव्हिजन वन या विद्यापीठीय खेळांच्या सर्वांत वरच्या गटाच्या नावाने दिपून जाऊ नका. तिथे वसंत सत्रातले कित्येक आठवडे गुरुवारपासून रविवारपर्यंत प्रवासात जातात आणि इंजिनिअरिंगच्या प्रयोगशाळांचे वेळापत्रक त्यात बसवणे कठीण असते. डिव्हिजन थ्रीमध्ये खेळासाठी शिष्यवृत्ती मिळत नाही, पण एमआयटी आणि जॉन्स हॉपकिन्ससारख्या संस्थांचे बेसबॉल संघ तिथेच खेळतात. गणिताची आवड असलेल्या पिचरसाठी आज या खेळात दुसराही दरवाजा उघडा आहे : प्रत्येक चेंडूचा वेग, फिरकी आणि वळण मोजले जाते आणि त्या आकड्यांवर काम करणारी माणसे सर्वच क्लबांना हवी असतात. स्वतः मैदानावरून चेंडू टाकलेला विश्लेषक तिथे विशेष उपयोगी पडतो.

ज्या प्रशिक्षकांनी रस दाखवला आहे, त्यांच्याकडे आपण तिघांनी एकत्र जावे आणि काही गोष्टी स्पष्ट विचाराव्यात. रिलीव्हरला लागोपाठ किती दिवस वापरता? बुलपेनमध्ये टाकलेल्या चेंडूंची नोंद कोण ठेवतो? गेल्या चार-पाच वर्षांत आपल्या किती पिचरांच्या कोपरावर शस्त्रक्रिया झाली? संघातल्या किती जणांनी इंजिनिअरिंगची पदवी पूर्ण केली? पहिल्या वर्षी मुलाला सुरुवातीचा पिचर म्हणूनही तयार कराल का? शस्त्रक्रिया करावी लागली, तर त्या वर्षाच्या शिष्यवृत्तीचे काय होईल, हेही विचारा आणि त्याचे उत्तर लेखी मागा. हे प्रश्न शक्यतो मुलानेच विचारावेत. आपण शेजारी बसून उत्तरे लिहून घ्यावीत.

आपला,
करिअर मार्गदर्शक